रिद्धपूरची पोथी आणि रिसोडची कॅसेट: विकत घेऊन जपण्याचा इतिहास

१/ संगणकावरचा खेळ फुकट उतरवून घेणे सहज शक्य असताना काही जण तो पैसे मोजून घेतात आणि वर त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर जपून ठेवतात. हा भाबडेपणा म्हणावा की शहाणपण? उत्तरासाठी आधी आपल्याच वऱ्हाडात, सातशे वर्षे मागे जाऊ. #थ्रेड

२/ अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांना विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या आक्रमणांत मूळ पोथी हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. पंथीयांनी ती स्मरणातून पुन्हा लिहिली. एकाच ग्रंथाचे अनेक पाठ आज आढळतात, त्याचे हे एक मोठे कारण.

३/ पुढे पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. परक्यांपासून ग्रंथ सुरक्षित राहिले खरे. पण मराठीचे हे आद्य गद्य कित्येक शतके मराठी वाचकालाही पारखे झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे दार उघडले.

४/ यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवू. एक, ग्रंथ टिकतो तो प्रतींमुळे. दोन, कुलूप चोराला अडवते तसे वारसालाही अडवते. संगणकीय खेळांचा सारा इतिहास या दोन वाक्यांभोवती फिरतो.

५/ ३ फेब्रुवारी १९७६. तरुण बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना खुले पत्र लिहिले. तक्रार अशी, की आमची प्रणाली वापरणारे बहुतेक जण ती विकत न घेता नक्कल करून वापरतात. मग मेहनत करणाऱ्याने खायचे काय? हा प्रश्न तेव्हाही रास्त होता, आजही आहे. उत्तर म्हणून उद्योगाने कुलपे शोधली: फ्लॉपीवर मुद्दाम केलेले दोष, पुस्तिकेतला अमुक पानावरचा शब्द विचारणे, पुढे सीडी आत असल्याशिवाय खेळ सुरूच न होणे.

६/ आपल्याकडचे चित्र निराळे होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, त्या सुमारास रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्याची ‘कॅसेट’ हीच खेळांची दुनिया होती. वेष्टणावर लाखो खेळांचा दावा. आत मारिओ आणि कॉन्ट्रा धरून तेच ते मोजके खेळ. ही यंत्रे व कॅसेटी बहुतांशी नकलाच होत्या. पण अस्सल माल मिळणार कुठे आणि किती रुपयांना, हेच ठाऊक नसलेल्या मुलांना चोर म्हणणे अन्यायाचे ठरेल.

७/ पोलंडचीही हीच कथा. नकली सीडींनी भरलेल्या बाजारात सीडी प्रोजेक्ट या कंपनीने १९९९ साली ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ पोलिश भाषांतरासह, उत्तम वेष्टणात आणला. नकलेत मिळत नाही असे काही दिले, तर माणूस पैसे देतो, हे तिने दाखवून दिले. याच घराण्यातून २००८ साली ‘गॉग’ हे दुकान निघाले: कुलूप नसलेला खेळ विकत घ्या, फाइल उतरवा, हवी तिथे जपा. २०१५ च्या अखेरीस ‘स्टीम’वर रुपयांत किमती आल्या आणि भारतातही विकत घेण्याची वाट सोपी झाली.

८/ मग जपून ठेवण्याची गरज काय? ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ पाहा. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेल्यांच्याही हातून खेळ गेला. २०२३ च्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला: ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा नाही. अंमल १ जानेवारी २०२५ पासून.

९/ आपला कायदा याबाबत आधीच जागा आहे. कॉपीराइट अधिनियम १९५७, कलम ५२(१)(कक): संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. ती वाटता येत नाही, विकता येत नाही. म्हणजे ‘बॅकअप’चा हक्क अस्सल प्रतीच्या मागून येतो, चोरीच्या प्रतीला तो नाही.

१०/ व्यवहारही तेच सांगतो. रोजची मर्यादा २ जीबी असेल, तर ५० जीबीचा खेळ उतरवायला २५ दिवस लागतात. संगणक बिघडला की पुन्हा २५ दिवस! त्यापेक्षा बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत बरी. चोरीच्या फाइलीबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो. सुधारणा मात्र येत नाहीत.

११/ आणि कर्ता? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. अशा लहान चमूला पुढचा खेळ करता येतो तो आपण दिलेल्या रुपयांवर.

१२/ जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असे: नकल कोणी केली, कधी केली, आणि अनेकदा एक विनवणी, की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळा. विकत घेतलेल्या खेळाची पावती ही त्याची पुष्पिका. हार्ड डिस्कवरची प्रत हे त्या विनवणीला दिलेले उत्तर. रिद्धपूरची मूळ पोथी हरवली, तरी तिला आपले मानणारी माणसे होती म्हणून ग्रंथ उरला. आपल्या काळातले काय उरेल, ते आपण काय विकत घेतो आणि काय जपतो, यावर ठरेल.