पेट्रार्कची स्वहस्तलिखित पोथी : तिचा लोप आणि शोध

युरोपांत चौदाव्या शतकापासून जें विद्येचें पुनरुज्जीवन झालें त्याचा आरंभ बहुतेक इतिहासकार फ्रान्सिस्को पेट्रार्क (1304–1374) या इटालियन कवीपासून धरतात. सुनीत या काव्यप्रकारामुळें त्याचें नांव आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. परंतु तो आमच्याप्रमाणेंच पोथ्यांच्या मागें लागलेला मनुष्य होता, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नसते. 1345 सालीं व्हेरोना येथें सिसेरोच्या पत्रांची विस्मृत प्रत त्यानें हुडकून काढली व ती स्वहस्तें उतरून घेतली. अशा शोधकाची स्वतःचीच पोथी पुढें एका सुप्रसिद्ध ग्रंथालयाच्या फळीवर अनोळखी होऊन पडावी, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा. त्या पोथीचा वृत्तांत येथें संक्षेपानें देण्याचें योजिलें आहे.

पेट्रार्कला आपली कीर्ति लॅटिन ग्रंथांवर राहील असें वाटे. 1341 सालीं रोम येथें त्याच्या मस्तकावर कविमुकुट चढला तोहि लॅटिन विद्येच्या बळावर. देशभाषेंतील आपल्या कवितांस तो क्षुल्लक म्हणे, आणि संग्रहाला त्यानें दिलेल्या लॅटिन नांवाचा अर्थहि ‘देशभाषेंतील प्रकरणांचे तुकडे’ एवढाच होतो. परंतु तोंडानें क्षुल्लक म्हटलेल्या या तुकड्यांवर तो मरेपर्यंत हात फिरवीत होता. याची साक्ष दोन हस्तलिखितें देतात. दोन्ही व्हॅटिकन ग्रंथालयांत आहेत, आणि कविता इटालियन असूनहि लॅटिन पोथ्यांच्या यादींत त्यांचे क्रमांक 3195 व 3196 असे लागोपाठ आहेत.

पैकीं 3196 हें कच्चें बाड होय. कागदाचीं वीस पानें, त्यांवर खोडलेल्या ओळी, वर लिहिलेले पर्यायी शब्द, आणि समासांत लॅटिनमध्यें टिपा. अमुक कविता अमुक दिवशीं सुधारली, अमुक पक्क्या प्रतींत उतरली, असें कवि लिहून ठेवी. एका टिपेवरून 1368 सालच्या मे महिन्यांत, 19 तारखेच्या रात्रीं, झोंप न लागल्यामुळें तो उठून बसला व पंचवीस वर्षांहून जुनी एक कविता हातीं लागली असें समजतें.

3195 ही पक्की प्रत. बहात्तर चर्मपत्रांवर 366 कविता; त्यांत 317 सुनीतें व 29 दीर्घ गीतें असून बाकीच्या इतर प्रकारच्या आहेत. हें लेखन 1366 च्या सुमारास रावेन्नाच्या जोव्हान्नि मालपागिनी नांवाच्या तरुण लेखकाकडे सोंपविलें होतें. हा मुलगा असाधारण स्मरणशक्तीचा. कवीचीं बारा लॅटिन गोपगीतें त्यानें अकरा दिवसांत मुखोद्गत केलीं, असें पेट्रार्कनेंच आपल्या मित्रास कळविलें आहे. परंतु 1367 सालीं तो काम अर्धवट टाकून निघून गेला. तेव्हां साठी ओलांडलेल्या कवीनें लेखणी स्वतः हातीं घेतली व राहिलेला भाग सात वर्षांत पुरा केला.

ही पोथी छापील पुस्तकाप्रमाणें वाचूं गेल्यास तिचें मर्म हातीं लागत नाहीं. सुनीताच्या चौदा ओळी येथें सात रांगांत, रांगेस दोन याप्रमाणें, मांडल्या आहेत. श्लोकाचीं चरणें पोथींत जोडून लिहिण्याची संवय असणाऱ्यास त्यांत नवल वाटणार नाहीं. 263 व्या कवितेनंतर कांहीं पानें मुद्दाम कोरीं सोडून दुसरा भाग आरंभिला आहे. एके ठिकाणीं पूर्वीची कविता खरवडून काढून तीवर कवीनें दुसरी लिहिली आहे. खरवडलेली कविता इतर प्रतींवरून ज्ञात आहे. शेवटच्या एकतीस कवितांच्या कडेला तर 1 पासून 31 पर्यंत अंक घातलेले आहेत. पानांवरचा क्रम बदलावा अशी ती कवीची सूचना. अखेरचें कुमारी मेरीचें स्तोत्र मात्र अखेरीसच राहतें. जुन्या छापील आवृत्त्यांनीं पानांवरचाच क्रम धरला, आणि आजच्या आवृत्त्या समासांतील अंकांस मान देतात. तात्पर्य, संग्रहाचा शेवट कसा वाचावा हा निर्णय त्या बारीक अंकांवर अवलंबून आहे.

कवि 1374 च्या जुलैंत आर्क्वा या गांवीं वारला. 1501 सालीं व्हेनिस येथें आल्दो मानुत्सिओनें या कविता छापल्या. संपादन पिएत्रो बेम्बोचें. कवीच्या हस्ताक्षरांवरून पाठ घेतला आहे अशी ग्वाही त्या पुस्तकाच्या अखेरीस दिली आहे. खुद्द 3195 ही पोथी बेम्बोच्या मालकीची झाली ती बरीच मागाहून, 1544 सालीं. ती त्यानें पादुआहून मिळविली. त्याच्या मुलाकडून 1581 सालीं रोमचा ग्रंथसंग्राहक फुल्विओ ओर्सिनी यानें ती विकत घेतली, आणि 1600 सालीं ओर्सिनी वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणें त्याचा संग्रह व्हॅटिकनमध्यें आला.

येथपर्यंत मालकीची परंपरा अखंड आहे. लोप झाला तो यानंतर, आणि तोहि वाळवीमुळें किंवा आगीमुळें नव्हे. पोथी सुरक्षित होती. तिची ओळख तेवढी पुसली गेली. विशेष हें कीं, कच्च्या बाडावरून 1642 सालीं उबाल्दिनीनें पुस्तकहि छापलें, पण त्याच्या शेजारची पक्की प्रत कवीची म्हणून कोणी मानीनासें झालें. 1886 सालीं पिएर द नोल्याक हा फ्रेंच पंडित ओर्सिनीच्या संग्रहाचा अभ्यास करीत असतां तिची ओळख पुन्हां पटली. पाक्शर नांवाचा जर्मन विद्वानहि त्याच सुमारास स्वतंत्रपणें त्याच निर्णयास आला. आज जी पोथी सर्व संपादनांचा पाया आहे, तिला ओळख परत मिळाली ती संग्राहकाच्या इतिहासाकडे पाहिल्यामुळें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

नोंदीचें महत्त्व पेट्रार्क स्वतः जाणत होता. लॉरा प्रथम दिसली ती 6 एप्रिल 1327 रोजीं व निवर्तली ती 1348 सालीं त्याच तारखेस, हें त्यानें आपल्या व्हर्जिलच्या प्रतींत लिहून ठेवलें. ती प्रत मिलानच्या आम्ब्रोसिआन ग्रंथालयांत आहे. लॉरा ही केवळ कविकल्पना नव्हे असें म्हणणाऱ्यांचा मोठा आधार हीच टीप होय.

हा वृत्तांत लिहितांना आमचा एक जुना अपराध आम्हांस आठवला. शिक्षकीच्या पहिल्या वर्षांत एका घराण्यांतून आम्हांस कांहीं पोथ्या मिळाल्या. त्यांचा रुमाल फाटका व मळका म्हणून आम्हीं टाकून दिला आणि नवा बांधला. जुन्या रुमालास शिवलेल्या चिठ्ठीवर पोथ्या कोणी, कोठून आणल्या हें लिहिलें होतें, असें त्या घरच्या वृद्ध बाईंनीं पुढें सांगितलें. त्यांतील एका पोथीची पुष्पिका गळालेली आहे. तिचा लेखक कोण हें आतां कधींहि कळणार नाहीं. संग्राहक बंधूंस विनंति एवढीच, कीं पोथी हातीं येईल त्याच दिवशीं ती कोणाकडून, कोठें व कोणत्या स्थितींत मिळाली हें निराळ्या कागदावर लिहावें, तो कागद पोथीबरोबर बांधावा, आणि जुना रुमाल टाकूं नये.