नागरी सेवा परीक्षेची पूर्वतयारी : आरंभ लवकर, परीक्षेला बसण्याची घाई मात्र नको

बेंगळुरू : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची तयारी केव्हा सुरू करावी, हा प्रश्न आता दहावी-बारावीच्या वर्गांतच विचारला जाऊ लागला आहे. अभ्यासाचा आरंभ लवकर करण्यावर कोणतेही बंधन नाही. परीक्षेला बसण्याच्या संधी मात्र नियमाने मोजून दिलेल्या आहेत. पूर्वतयारीचा विचार करताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते.

बेंगळुरूच्या जुन्या पेठेतील चिकपेट हा भाग या दृष्टीने लक्षणीय आहे. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेल्या नगराच्या या भागात आजही रेशमी साड्या व कापडाचा व्यापार चालतो. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून या नगराचा मराठीशी संबंध आहे. चिकपेटला लागूनच असलेला अ‍ॅव्हेन्यू रोड, म्हणजे पूर्वीची दोड्डपेटे, जुन्या व स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. शिकवणी वर्गांची गर्दी विजयनगर भागात असली, तरी अनेक विद्यार्थ्यांच्या तयारीचा पहिला खर्च याच रस्त्यावर होतो.

स्पर्धेचे स्वरूप

नागरी सेवा परीक्षा २०२४ साठी ९,९२,५९९ अर्ज आले होते. त्यांपैकी ५,८३,२१३ उमेदवार पूर्वपरीक्षेस बसले, १४,६२७ मुख्य परीक्षेस पात्र ठरले आणि २,८४५ जणांना मुलाखतीसाठी बोलावण्यात आले. अखेरीस १,००९ उमेदवारांची शिफारस झाली. पूर्वपरीक्षेस बसलेल्या सुमारे ५७८ जणांमागे एक, असे हे प्रमाण आहे. पहिल्या प्रयत्नात यश न मिळणे हाच बहुसंख्यांचा अनुभव असतो. त्यामुळे प्रयत्नांची संख्या जपणे हा तयारीचाच भाग ठरतो.

वय आणि प्रयत्न

परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्ट रोजी उमेदवाराचे वय किमान २१ वर्षे पूर्ण असावे लागते. खुल्या व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील उमेदवारांसाठी वयाची कमाल मर्यादा ३२ वर्षे असून सहा प्रयत्नांची मुभा आहे. इतर मागास वर्गासाठी ३५ वर्षे व नऊ प्रयत्न, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ३७ वर्षे अशी मर्यादा असून त्यांना प्रयत्नांच्या संख्येची अट नाही. दिव्यांग उमेदवारांना वयात आणखी सवलत मिळते.

केवळ अर्ज भरल्याने प्रयत्न मोजला जात नाही. मात्र पूर्वपरीक्षेच्या एका जरी प्रश्नपत्रिकेस उमेदवार बसला, तरी एक प्रयत्न संपतो. पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांनाही पूर्वपरीक्षा देता येते. ‘अनुभवासाठी एकदा बसून पाहू’ या विचाराने दिलेली परीक्षा सहापैकी एक संधी खर्च करते. हा अनुभव घरी वेळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडविल्यासही मिळू शकतो. त्या आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

एकोणीस वर्षांची मर्यादा

वयाचा प्रश्न या परीक्षेइतकाच जुना आहे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची खुली स्पर्धा परीक्षा १८५५ पासून लंडनमध्ये होऊ लागली. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे त्यात यशस्वी झालेले पहिले भारतीय ठरले. पुढे १८७८ पासून कमाल वयोमर्यादा १९ वर्षांवर आणण्यात आली. परक्या देशात, परक्या भाषेत एवढ्या कोवळ्या वयात परीक्षा देणे भारतीय विद्यार्थ्यांना जवळजवळ अशक्य झाले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी याविरुद्ध देशभर दौरा करून लोकमत जागविले. एचिसन आयोगाने नंतर ही मर्यादा २३ वर्षे करण्याची शिफारस केली. भारतात ही परीक्षा १९२२ पासून घेतली जाऊ लागली.

मराठी वाचकांना या संदर्भात चिंतामणराव देशमुख यांचे उदाहरण परिचित आहे. रायगड जिल्ह्यातील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेल्या देशमुखांनी १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत जगन्नाथ शंकरशेठ संस्कृत शिष्यवृत्ती मिळविली. पुढे केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचा अभ्यास करून १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले. शालेय वयातील संस्कृतचा व्यासंग आणि महाविद्यालयातील विज्ञानाचे शिक्षण हा त्यांच्या यशाचा पाया होता.

म्हैसूर संस्थानातही दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत, १८९० च्या दशकाच्या प्रारंभी, सेवाभरतीसाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली. कन्नडचे ज्ञानपीठविजेते कथाकार मास्ती वेंकटेश अय्यंगार हे म्हैसूर सिव्हिल सर्व्हिसमध्येच अधिकारी होते. शेषाद्री अय्यर यांच्या स्मरणार्थ कब्बन पार्कमध्ये उभारलेल्या वास्तूत आज राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे.

कोणत्या वयात काय

शालेय वयात वेगळ्या शिकवणीची गरज नसते. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र व विज्ञान यांची सहावी ते बारावीपर्यंतची पाठ्यपुस्तके समजून वाचणे, दररोज एक वृत्तपत्र वाचणे आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत लिहून काढणे, एवढे पुरते. पूर्वपरीक्षेची दुसरी प्रश्नपत्रिका आकलन, तर्क व दहावीच्या पातळीचे गणित यांवर आधारित असते. तीत ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ गुण अनिवार्य आहेत. ते न मिळाल्यास पहिल्या प्रश्नपत्रिकेतील गुण व्यर्थ जातात. दहावीनंतर गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा सराव मोडू देऊ नये, असे यावरून दिसते.

पदवीच्या वर्षांत वैकल्पिक विषयाची निवड महत्त्वाची ठरते. मुख्य परीक्षेतील १,७५० गुणांपैकी ५०० गुण या विषयाचे असतात. मुलाखतीच्या २७५ गुणांसह एकूण २,०२५ गुणांतून अंतिम क्रम लागतो. पदवीचाच विषय वैकल्पिक म्हणून घेता आल्यास दोन अभ्यासांचे ओझे एक होते. जालना जिल्ह्यातील अन्सार शेख यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात राज्यशास्त्राचे शिक्षण घेत तयारी केली आणि २०१५ च्या परीक्षेत वयाच्या २१ व्या वर्षी ३६१ वा क्रमांक मिळविला. असे यश विरळ असते, परंतु पदवीच्या अभ्यासाला समांतर चालणारी तयारी कशी फलदायी होते, हे त्यावरून कळते.

भाषेचा निर्णय

घरी मराठी, शाळेत कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा वातावरणात वाढणाऱ्या बेंगळुरूतील विद्यार्थ्याला भाषेचा निर्णय सर्वांत आधी घ्यावा लागतो. मुख्य परीक्षेत भारतीय भाषेची ३०० गुणांची अनिवार्य प्रश्नपत्रिका असते. तीत २५ टक्के, म्हणजे ७५ गुण न मिळाल्यास क्रमवारीसाठी धरल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकांचे गुण विचारात घेतले जात नाहीत. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा त्यासाठी उपलब्ध आहेत. घरात बोलली जाणारी मराठी निबंध, सारांश व भाषांतर लिहिण्यास पुरेशी असतेच असे नाही. देवनागरी लेखनाचा सराव नसलेल्या विद्यार्थ्याला शाळेत शिकलेली कन्नड अधिक सुरक्षित ठरू शकते.

मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिता येतात आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. मात्र सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीतच छापलेल्या असतात. माध्यम मराठी असले, तरी प्रश्न अचूक समजण्याइतकी इंग्रजी वा हिंदी यावी लागते.

राज्य सेवांची वाट

कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या राजपत्रित अधिकारी परीक्षेत कन्नडची पात्रता अनिवार्य आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ३८४ पदांसाठी झालेल्या पूर्वपरीक्षेत कन्नड अनुवादाच्या चुका आढळल्याने राज्य सरकारने फेरपरीक्षेचे निर्देश दिले आणि ती डिसेंबरमध्ये घेण्यात आली. या प्रकरणात उमेदवारांचे चार महिने गेले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली असून तिचे स्वरूप केंद्रीय परीक्षेच्या जवळ आले आहे. त्यामुळे एकाच अभ्यासावर दोन परीक्षा देणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. अधिवास व भाषेच्या अटी मात्र त्या त्या जाहिरातीतून तपासाव्या लागतात.

व्यापारी कुटुंबात एका मुलाने काही वर्षे केवळ अभ्यासाला देणे म्हणजे दुकानातील एक माणूस कमी होणे असते. म्हणूनच किती वर्षे, किती प्रयत्न आणि त्यानंतर कोणती वाट, हे पहिला अर्ज भरण्यापूर्वीच घरात ठरलेले बरे. पदवी चांगल्या गुणांनी पूर्ण केलेल्या उमेदवाराला निकाल प्रतिकूल लागला, तरी नोकरी, उच्च शिक्षण वा व्यवसायाची दारे खुली राहतात.