वासोट्याचं रान: वाघाआधी इथं कोण राहायचं?

आज विषय वासोट्याचा, पण किल्ल्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या रानाचा. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडताना आपण सहज म्हणतो, "काय अस्पर्श जंगल आहे!" मला वाटतं, हा शब्द जरा जपून वापरायला हवा.

वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. म्हणजे वाघाची ओळख इथं जुनीच. शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये हा गड घेतला. वाट इतकी अडचणीची, की पुढे त्याचा उपयोग कैदी ठेवायला झाला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला, तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली मंडळी गडावर अडकलेली होती.

पण खाली खोऱ्यात गावं होती. नाचणी, वरी, भात, गुरं, देवळं. कोयना महाबळेश्वराहून दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. तिथंच धरण झालं. १९६० च्या दशकात पाणी भरलं, गावं बुडाली. महाराष्ट्राला वीज मिळाली, आणि खोऱ्यातली माणसं उठून दूरच्या जिल्ह्यांत गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानं उरलेल्यांनाही हादरवलं.

मग आलं संरक्षण. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात दोन्हींची नावं. गाभा क्षेत्रातली आणखी गावं हलली. पायथ्याचं मेट इंदवली आता फक्त नावापुरतं गाव, तिथं वनखात्याची चौकी.

आज चांदोलीत गवे चरतात ती बरीच कुरणं म्हणजे उठलेल्या गावांची जुनी शेतं. झाडीत चौथरे सापडतात, कुठे एखादं देऊळ.

मग काय, जंगल राखायचं नाही? राखायचंच! हे रान तुटलं तर कोयनेच्या पाण्याचंही काही खरं नाही. पण ज्यांनी आधी विजेसाठी आणि मग वाघासाठी घर सोडलं, त्यातले कित्येकजण अजून पुनर्वसनाच्या जमिनीसाठी आंदोलनं करताहेत. त्यांचा हिशेब बाकी ठेवून आपण नुसतं 'निसर्गसौंदर्य' म्हणत राहिलो, तर इतिहास अर्धाच सांगितला असं होईल.

वासोट्याला जाल तेव्हा परवाना काढा, प्लास्टिक परत आणा, आणि लाँचवाल्या काकांना एवढंच विचारा: "तुमचं मूळ गाव कुठलं?" कदाचित ते पाण्याकडे बोट दाखवतील.

भेटू पुढच्या भागात!