पॅलेस्टाईन-इस्रायल : न्याय्य शांततेसाठी चर्चची मोहीम

१९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा पट्टी ताब्यात घेतली. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. जगातील अनेक चर्च येथे ‘न्याय्य शांतता’ मागतात. केवळ गोळीबार थांबणे म्हणजे शांतता नव्हे. ताबा संपावा आणि पॅलेस्टिनी व इस्रायली दोघांनाही समान हक्काने, सुरक्षितपणे जगता यावे, ही त्यांची मागणी आहे.

सोबत : जेरुसलेममधील चर्चप्रमुखांच्या आवाहनावरून जागतिक चर्च परिषदेने २००२ मध्ये एक उपक्रम सुरू केला. विविध देशांतील स्वयंसेवक सुमारे तीन महिने तेथे राहतात, तपासणी नाक्यांवर थांबतात, शाळकरी मुलांसोबत चालतात आणि पाहिलेले मायदेशी जाऊन सांगतात.

भूमिका : डिसेंबर २००९ मध्ये पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांनी ‘कैरोस पॅलेस्टाईन’ हा जाहीरनामा काढला. त्यात ताब्याला पाप म्हटले असून अहिंसक प्रतिकार आणि बहिष्काराची हाक दिली आहे.

आर्थिक दबाव : २०१४ मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने ३१० विरुद्ध ३०३ मतांनी कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड आणि मोटोरोला सोल्युशन्सचे समभाग विकण्याचा ठराव केला. अनेक ज्यू संघटनांनी त्यावर टीका केली. मात्र इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क ठरावात मान्य होता.

विरोध : ‘ख्रिश्चन झायोनिस्ट’ गट बायबलच्याच आधारे इस्रायलच्या दाव्याचे समर्थन करतात. धर्मग्रंथ जमिनीचा सातबारा ठरू शकतो का, हा लढा म्हणूनच चर्चच्या आतही चालू आहे.