द्राक्षनिर्यात व अन्नसुरक्षा-मानकांचे एकरूपीकरण

अन्नपदार्थांतील कीटकनाशकांचे अवशेष, सूक्ष्मजंतू इ. घटकांच्या कमाल मर्यादा व त्या तपासण्याच्या पद्धती निरनिराळ्या देशांत सारख्या करणे, यास मानकांचे एकरूपीकरण म्हणतात. मर्यादा भिन्न असल्यास एकाच मालाची प्रत्येक बाजारपेठेसाठी वेगळी तपासणी करावी लागते. ही अडचण कमी व्हावी व ग्राहकाचे आरोग्य सांभाळले जावे, या हेतूने अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६३ मध्ये कोडेक्स आयोगाची स्थापना केली. १९९५ मध्ये अंमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे आयोगाच्या ऐच्छिक मानकांना व्यापारात महत्त्व आले. मात्र शास्त्रीय आधार असल्यास अधिक कडक मर्यादा ठरविण्याची मुभाही त्याच कराराने सदस्य-राष्ट्रांना दिली.

या दुहेरी तरतुदीचा परिणाम महाराष्ट्राच्या द्राक्षनिर्यातीत स्पष्ट दिसतो. नासिक, सांगली इ. जिल्ह्यांतील द्राक्षे यूरोपात जातात. २००३ मध्ये तेथे काही मालात मर्यादेबाहेर कीटकनाशकांचे अवशेष आढळले. त्यानंतर अवशेषांच्या नियंत्रणाची योजना आखण्यात आली आणि पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचे काम आले. २००६ मध्ये ‘अपेडा’ने सुरू केलेल्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीमुळे निर्यात मालाचा माग नोंदणीकृत बागेपर्यंत काढता येऊ लागला.

यूरोपीय संघाने १ सप्टेंबर २००८ पासून सर्व सदस्य-देशांसाठी अवशेषांच्या समान मर्यादा लागू केल्या. ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्यास सामान्यतः किलोग्रॅममागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. त्यामुळे एकच मर्यादा अनेक देशांना पुरू लागली. परंतु तिचे उल्लंघन झाल्यास त्या सर्व बाजारपेठा एकदम बंद होण्याचा धोकाही निर्माण झाला. २०१० च्या हंगामात याचा प्रत्यय आला. खरड छाटणीनंतर फुटींची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष भारतीय द्राक्षांत सापडले. भारतातील तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हते. त्यामुळे येथे तपासून पाठविलेला मालही यूरोपात अडकला आणि बागायतदार व निर्यातदार यांना मोठा तोटा सोसावा लागला. पुढे या रसायनाचा तपासणीत समावेश करण्यात आला.

सारांश, मर्यादा समान झाल्या, तरी निर्यातदार देशाची तपासणीची यादी, प्रयोगशाळा आणि बागेतील फवारणीच्या नोंदी त्यांच्याशी जुळल्याशिवाय व्यापार सुकर होत नाही. ही जुळणी राखण्याच्या खर्चाचा भार लहान बागायतदारास अधिक जाणवतो.