वरिष्ठ सभागृह आणि वेशीबाहेरचा मतदार

विधिमंडळाला दोन सभागृहे असतात, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून आपण सर्वांनीच पाठ केलेले आहे. विधानसभा कनिष्ठ, विधान परिषद वरिष्ठ. हे दोन शब्द आपल्या कानांना काही नवे नाहीत! म्हणूनच या वरिष्ठाच्या दाराशी कोणाला थोपवले जाते, हा प्रश्न शिरूर-दौंडच्या वस्तीत उभे राहून विचारावासा वाटतो.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी आले. कोरेगाव शिरूर तालुक्यात. स्तंभ मात्र नदीपलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत. त्याच सुमारास ते मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासद झाले, परंतु सरकारनियुक्त म्हणून. तेव्हा कौन्सिल एकच होते आणि मताचा हक्क सारा भरणाऱ्यांचा, मालमत्तावाल्यांचा. वतनाच्या तुकड्यावर आणि बलुत्यावर जगणाऱ्या बहुतेकांना मत कोठून असणार? १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाचे विधेयक मांडले. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. ते वतन कायद्याने गेले १ ऑगस्ट १९५९ रोजी. मधल्या तीस वर्षांत गावकामगाराची एक पिढी राबून संपली.

दुसरे सभागृह आले ते १९३५ च्या कायद्याने. अकरा प्रांतांपैकी सहा प्रांतांना ते मिळाले, त्यांत मुंबई होती. आता वेळ पाहा. १९३२ च्या पुणे कराराने मुंबईच्या १७५ जणांच्या विधानसभेत अस्पृश्यांसाठी १५ जागा राखल्या गेल्या. म्हणजे खालच्या घराचे दार प्रथमच किलकिले झाले, आणि नेमका त्याच कायद्याने घरावर एक मजला चढवला गेला. या वरच्या मजल्यावर जागा २९ ते ३०; मुसलमानांसाठी पाच, युरोपियनांसाठी एक, अस्पृश्यांसाठी एकही नाही. स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ मध्ये जे बळ कमावले ते खालच्या घरात. त्याच बळावर बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये पुण्याच्या अधिवेशनात खोतीविरुद्ध विधेयक आणले.

राज्यघटना करताना बाबासाहेब दुसऱ्या सभागृहाविषयी फारसे उत्साही नव्हते. एक प्रयोग म्हणून त्यांनी त्याकडे पाहिले, आणि ते काढून टाकण्याची वाटही घटनेत ठेवली गेली. कलम १६९ प्रमाणे विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करावा, संसदेने कायदा करावा. बंगालने १९६९ मध्ये, तामिळनाडूने १९८६ मध्ये परिषद मोडली. महाराष्ट्राने ती ठेवली. कलम ३३२ ने विधानसभेत अनुसूचित जातींच्या जागा राखल्या. आज २८८ पैकी २९. परिषदेच्या कलम १७१ मध्ये मात्र आरक्षणाचा शब्दही नाही. ७८ जागा: ३० आमदारांकडून, २२ स्थानिक संस्थांकडून, पदवीधर व शिक्षकांच्या सात-सात, १२ राज्यपालनियुक्त. नियुक्तीसाठी साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांच्या जोडीला 'सहकार चळवळ' आहे. राज्यसभेच्या कलमात हा शब्द नाही. साखर कारखान्यांच्या आमच्या पट्ट्यात त्याचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

आता शिरूरची भूमिहीन शेतमजूर बाई घ्या. विधानसभेसाठी तिचे मत कारखान्याच्या संचालकाच्या मताइतकेच. परिषदेसाठी तिला मतच नाही. ती ग्रामपंचायतीत निवडून आली तरी नाही; तेथे जिल्हा परिषद, नगरपालिका यांचे सभासद आणि पंचायत समितीचे सभापती मत देतात. तिचा मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर झाला तरी शिक्षक मतदारसंघात त्याला जागा नाही, कारण घटनेने माध्यमिकच्या खालची शाळा वगळली आहे. आपल्यातून शिकून वर आलेल्यांपैकी कितीतरी जण प्रथम प्राथमिक शिक्षकच झाले, हे येथे विसरता येत नाही.

तरीही परिषद मोडा, असे मी सरळ म्हणू शकत नाही. १९५२ मध्ये लोकसभेला पराभूत झालेले बाबासाहेब राज्यसभेतूनच संसदेत गेले. रा. सू. गवई १९६४ पासून तीस वर्षे विधान परिषदेत होते आणि १९७८ ते १९८२ सभापती. त्यांच्याआधीचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या हातांना कामाचा कायदेशीर हक्क देणारा तो कायदा १९७७ चा. अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. शिरूर-दौंडच्या कोरडवाहू भागाला त्याचे मोल ठाऊक आहे.

परंतु दोन्ही सभागृहांचे एकमत म्हणजे संरक्षण नव्हे. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि नामांतर झाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार होऊन.

राहता राहिला पदवीधर. पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. पदवीला तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि यादी दर निवडणुकीला कोरी केली जाते. मागचे नाव चालत नाही. अर्जाचा नमुना १८ वा आहे. दौंडच्या रेल्वे वसाहतीत आणि शिरूरच्या वस्त्यांत आज पदवीधर मुले-मुली घरोघर आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी तो नमुना हातात धरला आहे, हे कार्यकर्त्यांनी एकदा दारोदार विचारावे.