फिर्याद का होत नाही? मुक्ता साळवेचं उत्तर

बाईवर अत्याचार झाला की गाव आधी एकच विचारतं, मग इतके दिवस फिर्याद का नाही केली? पोलीस पाटील विचारतो, फौजदार विचारतो, पेपरवाला विचारतो. कधी कधी आपले कार्यकर्तेसुद्धा विचारतात. या प्रश्नाचं उत्तर पुण्यातल्या एका शाळकरी पोरीनं १८५५ सालीच लिहून ठेवलंय. मुक्ता साळवे तिचं नाव.

मुक्ता मांगाची. जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की सनातनी मंडळी त्यांच्या अंगावर शेण, चिखल, दगड फेकायची. बाई शिकवते म्हणून दगड, आणि महारामांगाचं पोर शिकतं म्हणूनही दगड. अशा वाटेनं शाळेत गेलेल्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला.

हा निबंध आपल्या अभ्यासवर्गांत वाचला जातो. मीही वाचून घेते. पण पोरं कुठं थांबतात ते मी पाहत आलेय. पेशवाईत तालमीपुढून गेलेल्या मांग-महाराचं मुंडकं उडवून गुलटेकडीच्या मैदानावर त्याचा चेंडू करत, हे मुक्तानं लिहिलंय. तिथं पोरांच्या मुठी वळतात, घोषणा होतात आणि वही मिटते. त्याच्या पुढं ती बायांबद्दल बोलते. तो भाग वाचायचा राहूनच जातो. का बरं? मुंडकं पुरुषाचं आणि बाळंतपण बाईचं, म्हणून?

मुक्ता लिहिते ते असं. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसतं. थंडी-पावसात, वाऱ्यात ती बाई कशी कण्हत असेल ते स्वतःच्या घरावरून ताडून पाहा, असं ती वरच्या जातींना सुनावते. बाळंतरोग जडला तर वैद्याला पैसा आणायचा कुठून, आणि फुकट औषध देणारा वैद्य तुमच्यात कधी निघाला काय, असा तिचा सवाल आहे.

दोस्तांनो, हे नीट बघा. बाईवरची हिंसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं उगारलेला हात येतो. या पोरीनं दाखवलं की जातीनं बाईच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतलं हीसुद्धा हिंसाच आहे. तिथं कुणी हात उगारत नाही, तरी बाई मरते.

आता फिर्यादीचं. ती सांगते, बामणांच्या पोरांनी दगड मारून मांग-महाराच्या पोराचं डोकं फोडलं, रक्त आलं, तरी ही माणसं सरकारात जात नाहीत. का, तर उष्टं आणायला त्याच दारात जावं लागतं. ज्याच्या पोरानं दगड मारला त्याच्याच घरची भाकर संध्याकाळी पोटात जायची. तक्रार केली तर चूल बंद. शाळकरी पोरीनं भित्रेपणाला दोष दिला नाही, अडाणीपणावर विषय ढकलून दिला नाही. गप्प बसण्याच्या मुळाशी उष्टं आहे हे तिनं ओळखलं.

बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद घेतली. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं सोडा, हा तिथला आदेश होता. लोक त्याकडं स्वच्छतेचा धडा म्हणून पाहतात. मुक्ताचा निबंध शेजारी ठेवून पाहा. उष्टं सोडलं की फिर्याद करायला तोंड मोकळं होतं, हा त्यातला खरा अर्थ.

आणि कायदा? अत्याचार प्रतिबंधाचा कायदा १९८९ मध्ये झाला. दलित-आदिवासींवर आर्थिक बहिष्कार टाकणं हा गुन्हा म्हणून त्यात स्पष्ट लिहिलं गेलं ते २०१५ च्या दुरुस्तीनं. म्हणजे फिर्याद केली तर रोजगार तोडतात, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात यायला मुक्तानंतर १६० वर्षं लागली. आजही शेतमजूर बाईच्या अंगावर हात टाकणारा बहुधा तिचा मालकच असतो. आठवड्याची मजुरी त्याच्याच खिशात.

शाळकरी पोरींनी असा हिशेब मांडण्याचं अलीकडचं उदाहरण हरियाणातलं आहे. रेवाडी जिल्ह्यात गोठडा टप्पा डहीना नावाचं गाव. गावची शाळा दहावीपर्यंत. पुढं शिकायला तीनेक किलोमीटरवरच्या कंवालीला जायचं, आणि वाटेवर मोटरसायकलवाले पोरींना छेडायचे, अंगाला हात लावायचे. घरी सांगावं तर घरचे शाळाच बंद करणार. म्हणजे इथंही फिर्याद करणारीलाच शिक्षा. तर मे २०१७ मध्ये या पोरी उन्हात उपोषणाला बसल्या. आम्हाला सांभाळा असं रडगाणं गायलं नाही. गावातच बारावीपर्यंत शाळा द्या म्हणाल्या. आठवड्याभरात सरकारला ती द्यावी लागली.

ज्या गोष्टीपायी तोंड बंद होतं, तीच आधी मोडायची. मुक्तानं उष्ट्यावर बोट ठेवलं, या पोरींनी वाटेवर.

एक गोष्ट आपल्या घरातली. मुक्ता मांगाची, मग ती त्यांची, असं बोलणारे आपल्यातही आहेत. तिनं तर मांग आणि महार एका दमात लिहिले आणि दोघांनाही ज्ञानाचं औषध घ्यायला सांगितलं. तिला वाटून घेण्याचा करंटेपणा आपण करू नये.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पुढच्या अभ्यासवर्गात मुंडक्यापाशी वही मिटू नका, बाळंतिणीपर्यंत वाचा, आणि ते एखाद्या शाळकरी पोरीला वाचू द्या. वस्तीत बाईवर हात पडला तर तिला फिर्यादीचं विचारण्याआधी तिची मजुरी कुणाच्या हातात आहे ते विचारा. पंधरा दिवसांचं धान्य, दुसरं काम, पोरांची शाळा यांची तजवीज करा. मग तिला घेऊन ठाण्यावर जा. ती बोलेल.

जय भीम.